रिकामे फिरवलेले जाते

मित्रांनो, तुमच्या घरी आता जाते नसेल. असले तरी माळ्यावर नाहीतर एखाद्या कुंडीखाली पडले असेल. म्हणून आधी ओळख करून देते. मी दोन दगडांचे एक जुने जाते आहे. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, समुद्राच्या काठी एक पडका मठ आहे. त्याच्या फाटकाशी जो दगडी क्रूस आहे, त्याच्या पायथ्याला मी तेराशे वर्षे बसून आहे. लोक मला संताचे जाते म्हणतात आणि माझ्याजवळून जाताना आवाज खाली आणतात. तुम्हाला वाटेल, केवढा हा मान! मलाही एके काळी तसेच वाटले होते.

मला घडवणारा पाथरवट एका डोळ्याने अधू होता, पण त्याचा हात पक्का होता. त्याने मला कड्यातून काढले, नऊ दिवस घडवले, वरच्या दगडाच्या मधोमध घास घालायला तोंड पाडले, कडेला ओकच्या लाकडाचा खुंटा ठोकला आणि शेवटी दोन्ही दगडांच्या पोटाला टाकी लावली. टाकीने दगडावर जे खरबरीत दाते उठतात, तोच जात्याचा जीव. दाते असले तर जाते, नाहीतर दगडावर दगड. म्हणून दरवर्षी टाकी लावून घ्यायची असते. पाथरवटाने हे मला विकत घेणाऱ्याला दोनदा बजावून सांगितले होते.

विकत घेणारा होता राजा फेर्ग्ना. राजा म्हणजे गोष्टीतला मुकुटवाला राजा समजू नका. शंभर घरे, चारशे गाई आणि मोठा आवाज, एवढ्यावर तिकडे माणूस राजा होत असे. त्याच्या स्वयंपाकघराच्या मागच्या अंधाऱ्या पडवीत मला मांडले आणि माझ्यापुढे सार्नतला बसवले.

सार्नत समुद्रापलीकडची. लुटारूंनी तिला लहानपणी होडीत घालून आणले आणि विकले. आमच्या मुलखात दळण हे दासीचेच काम. पेरणाऱ्याला मान होता, भाकरी भाजणारीला मान होता, पण दळणारीला कोणी नावानेही हाक मारत नसे. पहाट झाली की ती यायची, जवाचा एकेक घास माझ्या तोंडात घालायची आणि मला सूर्याच्या चालीने फिरवायची. चांगली कामे सूर्याच्या चालीने करायची, हा तिथला नेम. दळताना ती आपल्या भाषेतले काहीतरी गुणगुणायची. तिची लेक लासर तिच्या मांडीशी झोपलेली असायची. दासीची लेक म्हणजे जन्मतःच दासी. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात असे तुम्ही म्हणता ना, त्या मायलेकी कधी सुपात नव्हत्याच.

अशात एक दिवस दीमाबाबा आला.

समुद्राकडच्या माळावर सात दगडी झोपड्यांचा त्याचा मठ होता. दीमाबाबा दिसायला बुटका, बोलायला तोतरा. त्याचा उपदेश ऐकताना माणसे जांभया द्यायची आणि मागे त्याची नक्कल करायची. त्यालाही ते ठाऊक होते. म्हणून तो फारसे बोलतच नसे. त्याने राजाकडे सार्नतची आणि तिच्या लेकीची सुटका मागितली.

राजा हसला. "बाबा, ती गेली तर इथं दळणार कोण?"

"मी."

"तुम्ही? अहो, जपतपाची माणसं तुम्ही. उद्या माझा गोठाही झाडाल."

"झा... झाडीन की. पण आज दळणाचं बोला."

राजाला ती थट्टा वाटली आणि थट्टेथट्टेतच तो हो म्हणाला. दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा माझ्यापुढे मांडी घालून बसला. पहिल्या दिवशी त्याने पीठ कमी आणि भरड जास्त काढली. सार्नत दारात उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवेना. "बाबा, घास लहान घाला. जात्याला ठसका लागतोय," ती म्हणाली. संताला दळायला शिकवले ते दासीने, ही गोष्ट मठाच्या पोथीत कुठेही लिहिलेली नाही.

तीन हिवाळे बाबा दळत होता. दळताना तो स्तोत्रे म्हणायचा, आणि गंमत म्हणजे माझ्या घरघरीत त्याचे तोतरेपण पार निघून जायचे. आधी लोक हसायला आले. मग बघायला आले. मग मुलांना बाप्तिस्मा द्यायला घेऊन आले. पाहुणे राजाच्या दिवाणखान्यात जाण्याआधी मागच्या पडवीत डोकावू लागले, तेव्हा मात्र राजाचे डोके फिरले. "ती बाई घ्या, ते जातंही घ्या, पण ही जत्रा माझ्या दारातून हलवा," तो म्हणाला. बाबाने माझा वरचा दगड पाठीवर घेतला, मठातल्या दोघांनी खालचा उचलला, सार्नतने लासरला कडेवर घेतले आणि आम्ही माळावर आलो.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या आयुष्यातली खरी वर्षे. मठाच्या फाटकाशी मला मांडले होते. ज्याला दळायचे त्याने यावे, ज्याच्याकडे धान्य नाही त्याने पीठ न्यावे. महारोगी यायचे, समुद्रात नवरे गेलेल्या बायका यायच्या. सार्नत फाटकाबाहेर एका झोपडीत राहू लागली. शेजारच्या मुरेनशी तिचे गूळपीठ जमले. दोघी समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात घालून दळायच्या आणि सगळ्या किनाऱ्याची उणीदुणी काढायच्या. मुरेनचा हात जड होता, पण तो थांबला की लगेच कळायचे, कारण ती हसायला थांबलेली असायची. ईस्टरआधीचा उपवासकाळ संपला की बाबा दरवर्षी स्वतः मला टाकी लावायचा. छिन्नी बोटावर बसली की तोतरेपणाने ओरडायचा आणि त्या दोघी तोंडाला शाल लावून हसायच्या.

चार वर्षांनी फेर्ग्ना राजाला अचानक आठवले की लासर त्याच्या घरात जन्मलेली आहे. बाईला सोडले होते, पोरीचे नाव कोणी घेतले होते? त्याची माणसे आली आणि सात वर्षांच्या लासरला घोड्यावर घालून घेऊन गेली. सार्नत त्यांच्यामागे ओढ्यापर्यंत धावली आणि तिथेच पडली.

बाबाने हे ऐकले. तो माझ्यापाशी आला. माझ्या पोटातले पीठ त्याने हाताने झाडून काढले, खुंटा धरला आणि मला रिकामेच, उलट्या चालीने फिरवू लागला. प्रत्येक फेऱ्याला राजाचे नाव घेत होता. नऊ वेळा नऊ फेरे. तिकडे शाप द्यायची ही रीत. दगडावर दगड घासून ठिणग्या उडाल्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्याची भीती वाटली.

दहाव्या दिवशी राजा घोड्यावरून पडला आणि मान मोडून मेला. घोडा आधीपासूनच खोडकर होता, हे सगळ्या तबेल्याला ठाऊक होते, पण ते कोणाला ऐकायचे होते? राजाच्या मुलाने घाबरून त्याच संध्याकाळी लासरला परत पाठवले.

बाबा आनंदला नाही. तीन दिवस तो गळ्यापर्यंत समुद्रात उभा राहून स्तोत्रे म्हणत होता. ओठ निळे पडले तेव्हा मठातल्या साधूंनी त्याला ओढून बाहेर काढले. मग तो सार्नतला म्हणाला, "पोर आली हे दे... देवाचं. पण मी जे केलं ते माझं. हे जातं पुन्हा उलटं फिरू देऊ नकोस."

"माझी लेक आणलीत तुम्ही बाबा," सार्नत म्हणाली. "मला उलटं-सुलटं काही कळत नाही."

त्यानंतर बाबा दहा वर्षे जगला आणि दहा वर्षे दळत राहिला. त्याने किती पोती दळली ते कोणी मोजले नाही. ते एक्क्याऐंशी फेरे मात्र सगळ्या मुलखाने मोजून लक्षात ठेवले.

मरताना बाबा म्हणाला, "जातं सार्नतला द्या. ते तिचं आहे." उशाशी टोरबाख होता, पुढचा मठपती. तो हळूच म्हणाला, "ताप डोक्यात गेलाय बाबांच्या." आणि मी सार्नतकडे गेले नाही.

टोरबाखला मी वाईट म्हणणार नाही. तो शिकलेला होता, त्याचे अक्षर मोत्यासारखे होते, आणि बाबावर त्याचा खरोखर जीव होता. त्याने मला क्रूसाच्या पायथ्याशी चौथरा बांधून त्यावर बसवले, कडेने लोखंडी पट्टी मारली आणि सांगितले, की ज्या दगडाला बाबांचा हात लागला त्यात आता धान्य पडणार नाही. पाथरवट टाकी लावायला आला तर त्याला फाटकातूनच परत पाठवले. "बाबांच्या टाकीवर तुझी टाकी? लाज नाही वाटत?" बिचारा पाथरवट जीभ चावून निघून गेला. मठात दळायला दुसरे जाते आले. मला फुलांचे हार मिळू लागले.

मग लोक येऊ लागले. पीठ न्यायला नव्हे, वैऱ्याचे नाव घ्यायला. एकाने बांधासाठी भावाविरुद्ध मला फिरवले. एका सुनेने सासूविरुद्ध फिरवले आणि दुसऱ्या दिवशी त्या सासूने सुनेविरुद्ध. प्रत्येक वेळी नऊ वेळा नऊ, उलटे, रिकामे. ज्यांची नावे घेतली त्यातले काही मेले. माणसे मरतातच. जे मेले नाहीत त्यांची गोष्ट कोणी सांगत नसे. काहीजण माझी भुकटी खरवडून औषध म्हणून पाण्यातून घ्यायला नेत. अठरा वर्षे हे असेच चालले. दगड दगडाला खात होता. माझ्या पोटातले दाते एकेक करून झिजले आणि एका हिवाळ्यात मला कळले, की आता मी आतून गुळगुळीत झाले आहे. वरून मात्र हार घातलेला होता, त्यामुळे कोणाला दिसले नाही.

त्याच हिवाळ्यात गुरांची साथ आली. गोठेच्या गोठे रिकामे झाले. मुरेनच्या तीन गाई एका आठवड्यात गेल्या. सार्नतची एकुलती एक गाय मात्र चरत राहिली.

एवढे पुरे झाले. आधी विहिरीवर कुजबुज, मग तोंडावर बोलणे. परमुलखातली बाई, हिनेच गावाचे दूध आपल्या गाईत ओढले. सार्नत रोज मुरेनकडे अर्धे दूध पाठवत होती. मुरेनने ते एके दिवशी उंबऱ्यावर ओतून दिले आणि माझ्याकडे आली. तिची मूठ मला लगेच ओळखता आली. तिने सार्नतचे आणि लासरचे नाव घेत मला एक्क्याऐंशी वेळा उलटे फिरवले. या वेळी ती मध्ये एकदाही थांबली नाही.

शाप लागलेल्या घराला आमच्याकडे कोणी विस्तवाचा निखारा देत नाही, दूध देत नाही, त्या घरातल्या माणसाला होडीवर घेत नाही. लग्न होऊन सासरी नांदणारी लासर तेव्हा भरल्या दिवसांची होती. सासूने तिला कांबळे अंगावर टाकून आईकडे पाठवले. "उतरवून ये शाप, मग ये. माझ्या घरात शापाचं पोर जन्माला यायला नको." नवरा चांगला होता, पण आईपुढे त्याची बोबडी वळायची.

सार्नत माझ्यापाशी आली आणि धरणे धरून बसली. अन्याय करणाऱ्याच्या दारात उपाशी बसायचे, ही तिथली रीत. दारात कोणी उपाशी असताना आतला माणूस जेवला तर त्याची अब्रू जाते. राजेसुद्धा त्याला भितात. तिची मागणी एकच होती. मठपतीने सगळ्यांदेखत शाप उतरवावा, म्हणजे लासर बाळंतपणाआधी आपल्या घरी जाईल.

टोरबाख बाहेर आला आणि कळवळून म्हणाला, "बाई, उपवासकाळ चालू आहे. सगळा मठच दिवसभर उपाशी असतो. तुझ्या धरण्याचा धाक कुणाला?"

"मग मी ईस्टरपर्यंत बसते. तेव्हा तरी जेवाल ना?"

"लासरचे दिवस तेवढे थांबतील का?"

सार्नत तिथेच बसून राहिली. तिचे वय सत्तरीकडे झुकले होते. पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी वारा. तिसऱ्या दिवशी तिला बसवेना, ती माझ्या चौथऱ्याला टेकून पडली. लासर पोट सावरत येऊन तिच्या अंगावर शाल घालून जायची. लोक लांबून बघत होते आणि त्यांत मुरेनही होती.

टोरबाखला ते पाहवले नाही. त्याने लोकांना बोलावले आणि म्हणाला, "मी न्याय करणारा कोण? बाबांनाच विचारू. सार्नत, जव आण. बाबांच्या जात्यात घाल आणि सूर्याच्या चालीने फिरव. पीठ निघालं तर शाप उतरला, लासर आपल्या घरी गेली. नाही निघालं तर बाबांची इच्छा. कबूल?"

सार्नतचा चेहरा उजळला. मित्रांनो, तो उजळलेला चेहरा मला आजही सहन होत नाही. "कबूल," ती म्हणाली. "या जात्यानं मला कधी फसवलं नाही."

लासरने जव आणले. घरातले शेवटचेच असावेत, मूठभर तर होते. मला वाचा असती तर मी ओरडले असते, की आधी मला उघडून बघा, माझ्या तोंडात दात नाहीत, माझ्यावर विसंबू नका. पण दगडाला वाचा नसते. सार्नतने हार बाजूला काढला, सवयीने लहान घास घातला आणि खुंट्याला हात लावला. अठरा वर्षांनी मी सुलटे फिरले. मी माझे सगळे वजन त्या दाण्यांवर टाकले. एक तरी दाणा फुटावा म्हणून मी काय केले असेल ते माझे मला माहीत. पण दाणे माझ्या पोटातून घसरत होते. कडेने जव बाहेर आले, जसे गेले तसे, अख्खे, वर थोडी दगडाची भुकटी.

सार्नतने दुसरा घास घातला. तोही तसाच बाहेर आला.

"बाबा नाही म्हणाले," मागून कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी क्रूसाची खूण केली. टोरबाखच्या डोळ्यांत पाणी होते. त्यालाही ते खरे वाटले होते.

सार्नत माझ्याकडे बघत राहिली. तिलाही ते खरे वाटले, मित्रांनो. शापाचे तिला काही वाटले नसते, पण बाबा आपल्याला नाही म्हणाला, हे तिने मानले. तिने ते जव एकेक करून वेचले, फुंकर मारून भुकटी उडवली आणि ओच्यात बांधले. जव म्हणजे जवच, टाकून कसे चालेल?

दुसऱ्या दिवशी मायलेकी निघाल्या. कातड्याची एक जुनी होडी त्यांना मिळाली, वल्हवायला कोणी मिळाले नाही. गाय होडीत मावणार नव्हती. सार्नत ती दोरीसकट मुरेनच्या दारात बांधून गेली. "तुझ्या नातवंडांना दूध होईल," एवढेच म्हणाली.

त्या सकाळी मुरेन माझ्याकडे आली. एकटीच होती. खाली किनाऱ्यावर लासर होडीत बसत होती आणि सार्नत गुडघाभर पाण्यात उभी राहून होडी धरत होती. मुरेनने इकडेतिकडे पाहिले, दोन्ही हातांनी माझा वरचा दगड उचलून कलता केला आणि आत बोटे फिरवली. आयुष्यभर दळलेल्या बाईची बोटे ती. एका क्षणात तिला सगळे कळले. इथून हाक मारली असती तर किनाऱ्यावर ऐकू गेली असती. वारा त्याच दिशेचा होता.

तिने तोंड उघडलेही. मग तिच्या मनात काय आले कोण जाणे. बहुतेक ते एक्क्याऐंशी फेरे आले असतील. हाक मारली असती तर कोणी विचारले असते, की बाई, मग हे दाते उलटे फिरवून झिजवले कोणी? तिने दगड होता तसा खाली ठेवला, हार नीट केला, हात झग्याला पुसले आणि गाईचे दूध काढायला घरी गेली.

होडी कुठे लागली की नाही, मला माहीत नाही. तिकडून कोणी आले नाही. मठ पुढे आणखी मोठा झाला आणि माझ्याकडे आणखी लोक आले. ज्या जात्याने खुद्द दळणारीलाच नाकारले, त्याचा शाप केवढा कडक असेल, असे ते म्हणत.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी जुनी वस्तू असेल तर तिला देव्हाऱ्यात ठेवू नका, तिच्याकडून काम घ्या. तिला रिकामे फिरवू नका. वर्षातून एकदा उघडून आत बोट फिरवून बघा. आणि बोटाला काही कळले, तर होडी किनाऱ्याला आहे तोवर सांगा.